सह्याद्रीच्या राष्ट्रीय उद्यानात शिक्षकांचे निसर्गशिक्षण शिबिर कसे आखावे

इयत्ता तिसरी ते पाचवीच्या वर्गांत ‘परिसर अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे, पर्यावरण शिक्षण अभ्यासक्रमात अनिवार्य करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिले आहेत आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची कल्पना मांडली आहे. तरीही वर्गाबाहेर पडून शिकवणारे शिक्षक थोडेच दिसतात. यामागे अनास्था असते असे मला वाटत नाही. ज्या शिक्षकाने स्वतः कधी ओढ्याचे पाणी मोजलेले नाही, झाडाखाली दहा मिनिटे शांत बसून आवाज टिपलेले नाहीत, त्याला चाळीस मुले घेऊन ओढ्यावर जाण्याचा धीर होत नाही, आणि तो धीर सभागृहातील सादरीकरणे पाहून येत नाही. म्हणून शिक्षकांना काही दिवस पुन्हा विद्यार्थी होता येईल असे शिबिर भरवावे लागते. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अधिव्याख्याते किंवा शिक्षकांचे गट असे शिबिर भरवू इच्छित असतील तर त्याची आखणी कशी करावी, हे येथे चांदोली राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण समोर ठेवून सांगितले आहे.

चांदोलीच का

महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर असलेले चांदोली हे एकमेव उद्यान आहे. १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर पसरले आहे. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. शिक्षकांच्या दृष्टीने मात्र या बिरुदांपेक्षा येथील रचना महत्त्वाची आहे. एका दिवसाच्या चालीत घाटमाथ्याचे सदाहरित व निमसदाहरित जंगल, जांभ्या दगडाचा उघडा सडा (पठार), बारमाही ओढे, वारणेवरच्या धरणाचा वसंतसागर जलाशय आणि उद्यानाच्या कडेची भातशेती पाहता येते. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जत-आटपाडीच्या भागात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे शिबिराला एसटीने येताना खिडकीतून दिसते; फक्त ते पाहण्याची सूचना शिक्षकांना प्रवासाआधी द्यायला हवी.

शिबिर कोणत्या महिन्यात घ्यावे याला फार पर्याय नाहीत. पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असते, मार्चनंतर उन्हाचा ताप आणि वणव्याचा धोका वाढतो. दिवाळीच्या सुट्टीपासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा, कारण ओढ्यांना पाणी असते, सड्यावरची उशिराची फुले काही ठिकाणी टिकून असतात आणि हिवाळी पाहुणे पक्षी आलेले असतात. शक्य असल्यास तारखा अमावास्येच्या आसपासच्या निवडाव्यात, म्हणजे आकाशनिरीक्षणाचे सत्र चांगले होते.

परवानगी आणि मुक्काम

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन अशा हेतूंसाठी संरक्षित क्षेत्रात प्रवेशाची परवानगी मिळू शकते आणि कलम ३५ मुळे हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. शिबिरासाठी अर्ज करताना ‘शैक्षणिक सहल’ एवढेच लिहून थांबू नये. कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेवर, किती जण, काय करणार आणि कोणते साहित्य सोबत असेल, हे एका पानात स्पष्ट लिहावे. व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयाला किमान दोन महिने आधी पत्र द्यावे आणि त्याची प्रत संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना स्वतः भेटून द्यावी. या भेटीत वनरक्षक आणि स्थानिक मार्गदर्शक यांच्याशी ओळख होते आणि कोणत्या वाटेवर सध्या गव्यांचा कळप फिरतो आहे, कोणत्या कड्यावर आग्या मोहोळ लागले आहे, ही पत्रव्यवहारातून कधीच न मिळणारी माहिती मिळते. शिक्षकांना हा काळ कर्तव्यकाळ म्हणून धरला जावा यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचे लेखी पत्रही त्याच सुमारास घ्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. शिबिराचे तास त्यात धरावेत अशी मागणी सविनय पण ठामपणे करावी.

उद्यानाच्या गाभा क्षेत्रात तंबू ठोकण्याचा विचार मनातून काढून टाकावा. मुक्काम बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील गावात, शाळेच्या इमारतीत, गावातील घरांत किंवा वन विभागाच्या निवासस्थानी असावा आणि गाभ्यातील फेरी दिवसाची, मर्यादित आणि मार्गदर्शकासोबत असावी. असे करण्यात काही गमावले जाते असे कोणी समजू नये. शिबिरातील बहुतेक कृती बफर गावाच्या शिवारात, ओढ्यावर आणि देवराईच्या कडेलाच अधिक चांगल्या होतात, कारण तेथे थांबता येते, बसता येते आणि गावकऱ्यांच्या परवानगीने मातीलाही हात लावता येतो. राष्ट्रीय उद्यानातून पान, बी, पीस किंवा दगड उचलून आणणे कायद्याने निषिद्ध आहे, ही गोष्ट पहिल्याच संध्याकाळी कारणासह सांगावी.

शिबिरार्थींची संख्या चोवीसच्या वर जाऊ देऊ नये आणि त्यांचे सहा-सहा जणांचे चार गट करावेत. पन्नास माणसे एका पायवाटेने निघाली की पुढच्या दहांनाच जंगल दिसते. तीन रात्री आणि चार दिवस ही मुदत मला योग्य वाटते. त्याहून कमी काळात शिक्षक प्रवासाच्या थकव्यातून बाहेर येईपर्यंत शिबिर संपते. जेवण गावातील महिला बचत गटाकडे सोपवावे, दर आधी ठरवून पैसे वेळेवर द्यावेत. महिला शिक्षकांसाठी स्वच्छ, कडी असलेली स्वच्छतागृहे आणि पुरेसे पाणी आहे की नाही हे संयोजकांनी स्वतः जाऊन पाहावे. केवळ या एका सोयीच्या शंकेमुळे अनेक शिक्षिका अशा शिबिरांना येण्याचे टाळतात. सॅनिटरी पॅडसह सर्व अजैविक कचरा बंद पिशव्यांतून तालुक्याच्या गावी परत नेण्याची व्यवस्था असावी.

शिबिरापूर्वीचे काम

शिबिराची खरी सुरुवात शिक्षकाच्या शाळेतच व्हायला हवी. निवड झालेल्या प्रत्येकाला एक काम द्यावे: आपल्या शाळेच्या फाटकापासून दोनशे पावलांच्या परिघात कोणती झाडे आहेत, पाणी कोठे साचते किंवा वाहते, न नांगरलेली वा न बांधलेली एखादी जागा आहे का, याचा हाताने काढलेला कच्चा नकाशा घेऊन यावे. हा नकाशा चारही दिवस शिक्षकाच्या वहीत असतो आणि प्रत्येक कृतीनंतर त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो की, हे या नकाशावर कोठे करता येईल. या प्रश्नाविना घेतलेले शिबिर वन पर्यटन ठरते. पर्यटनात गैर काही नाही. पण त्यासाठी शिक्षकाला कर्तव्यकाळ मागण्याचे कारण नाही.

कृती निवडताना संयोजकांनीही एक कसोटी लावावी. द्विशिक्षकी शाळेत, पस्तीस मुलांसोबत, एका तासिकेत आणि गावच्या दुकानात मिळणाऱ्या साहित्यावर जी कृती करता येणार नाही ती शिबिरात ठेवू नये. दुर्बिणी आणि महागडे कॅमेरे असणाऱ्यांनी ते जरूर आणावेत, परंतु सत्रे त्यांवर अवलंबून नसावीत. सुतळी, मोजपट्टी, टेप, मनगटी घड्याळ, भिंग, पांढरी थाळी, होकायंत्र, पेन्सिल आणि रेघा नसलेली वही एवढ्यावर चार दिवस भरपूर काम होते.

दिवसांची आखणी

पहिल्या दुपारी नकाशाचे सत्र घ्यावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा जमिनीवर पसरून समोच्च रेषांवरून समोरचा डोंगर ओळखायला लावावा आणि नंतर घाटमाथ्याचा जलविभाजक पेन्सिलने काढायला सांगावा. या रेषेच्या पूर्वेला पडलेला थेंब वारणेतून सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर कृष्णेला मिळतो आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातो, तर पश्चिमेला पडलेला थेंब कोकणातील नद्यांतून थोड्याच अंतरावर अरबी समुद्र गाठतो. आपल्या शाळेच्या अंगणातले पाणी कोणत्या ओढ्याला, कोणत्या नदीला आणि शेवटी कोणत्या समुद्राला मिळते, हे प्रत्येकाने त्याच संध्याकाळी आपल्या नकाशावर लिहावे. भूगोलाच्या शिक्षकांनाही याचे उत्तर लिहिताना विचार करावा लागतो.

दुसऱ्या दिवसाची पहाट आवाजांसाठी राखून ठेवावी. सूर्योदयापूर्वी प्रत्येकाला दुसऱ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बसवावे, वहीच्या मध्यभागी स्वतःसाठी एक फुली काढायला सांगावी आणि दहा मिनिटे जो आवाज ज्या दिशेने व जितक्या अंतरावरून येईल तो त्या जागी खुणेने नोंदवायला सांगावा. पक्ष्याचे नाव माहीत असण्याची गरज नाही. लांब शीळ, ठोका, खरखर, पंखांची फडफड अशी खूण पुरते. चांदोलीच्या ओढ्यांकाठी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते, तांबटाचा ठोक्यासारखा आवाज दूरवरून येत राहतो आणि नशीब असेल तर धनेशाच्या पंखांचा मोठा आवाज डोक्यावरून जातो. परत आल्यावर गटाने आपले नकाशे एकमेकांशी ताडून पाहावेत. शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे आवाज टिपलेले आढळतात आणि निरीक्षण म्हणजे काय, यावरची चर्चा त्यातून आपोआप सुरू होते. नावे सांगण्याची घाई मार्गदर्शकाने करू नये. एकदा नाव कळले की बहुतेक जण पाहणे थांबवतात, म्हणून आधी वर्णन, मग रेखाटन आणि सर्वांत शेवटी नाव हा क्रम चारही दिवस पाळावा.

त्याच दिवशी नाश्त्यानंतर ओढ्याचे सत्र घ्यावे, आणि याला पूर्ण तीन तास द्यावेत, कारण गणित, विज्ञान आणि भूगोल हे तिन्ही विषय येथे एकत्र येतात. ओढ्याचा सरळ, सारख्या रुंदीचा दहा मीटरचा टप्पा सुतळीने आखावा. वरच्या टोकाला वाळके पान सोडून ते खालच्या टोकाला किती सेकंदांत पोहोचते हे मोजावे. असे किमान तीनदा करून सरासरी काढावी. नंतर रुंदी मोजावी आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चार-पाच ठिकाणी खोली घेऊन तिचीही सरासरी काढावी. समजा, पान २५ सेकंदांत पोहोचले, रुंदी २ मीटर आणि सरासरी खोली १५ सेंटिमीटर आहे. वेग सेकंदाला ०.४ मीटर, काटछेद ०.३ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला ०.१२ घनमीटर पाणी. पृष्ठभागावरचे पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहत असल्यामुळे या आकड्याला सुमारे ०.८ ने गुणावे, म्हणजे उत्तर सेकंदाला साधारण ९६ लिटर येते. आता शिक्षकांनी हिशेब करावा की, आपल्या गावाला दिवसाला लागणारे पाणी या ओढ्यातून किती मिनिटांत वाहून जाते. दशांश अपूर्णांक, सरासरी, क्षेत्रफळ आणि एककांचे रूपांतर या एका उदाहरणात येतात, आणि मुलांना ते स्वतः मोजलेले असल्यामुळे परके वाटत नाहीत.

उरलेल्या वेळात ओढ्यातील दगड हळूच उलटून त्याखालचे जीव पाण्यासह पांढऱ्या थाळीत घ्यावेत. चतुर आणि टाचणी या कीटकांची पिल्ले, खेकड्यांची पिल्ले, दगडाला चिकटलेल्या अळ्या भिंगातून पाहून त्यांची रेखाटने काढावीत आणि सर्व जीव त्याच ठिकाणी सोडून दगड पूर्वीसारखा ठेवावा. दगड पुन्हा जागेवर ठेवण्यास विशेष महत्त्व द्यावे, कारण तो त्या जिवांचा निवारा असतो आणि शिक्षक जसे वागतील तसेच उद्या मुले वागतील. हे सत्र बफर क्षेत्रातील ओढ्यावरच घ्यावे.

तिसरा दिवस सड्याचा आणि जंगलवाटेचा. सडा म्हणजे घाटमाथ्यावरचे जांभ्याचे उघडे पठार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या काळ्या पाषाणाची उष्ण आणि अतिपावसाच्या हवेत झीज होऊन, विरघळणारे घटक वाहून गेल्यावर लोह आणि ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढलेला हा थर मागे राहिला. त्यावर माती बोटभर, कोठे तेवढीही नाही. तरी याच बोटभर मातीत पावसाळ्यानंतर सीतेची आसवं आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, कारण मातीत नत्र कमी असल्याने त्यांना ते कीटकांपासून मिळवावे लागते. शिक्षकांनी एक मीटर बाजूची सुतळीची चौकट सड्यावर अलगद ठेवून तिच्यातील वनस्पतींचे प्रकार मोजावेत, आणि परतताना गावकऱ्याच्या परवानगीने तशीच चौकट भाताच्या बांधावर आणि झाडाखाली ठेवून तिन्ही ठिकाणांची तुलना करावी. सड्यावर चालताना पाय उघड्या कातळावरच पडेल याची काळजी घ्यावी. मातीचा तेवढा पातळ थर तयार होण्यास लागणारा काळ माणसाच्या आयुष्याच्या मापाने मोजता येत नाही.

जंगलवाटेवर प्राणी दिसावेत अशी अपेक्षा निर्माण करू नये. येथील दाट झाडीत गवा, अस्वल किंवा बिबट्या दिसणे सहज घडत नाही, आणि त्याची गरजही नाही. ठसे, विष्ठा, सालीवरचे ओरखडे, खाल्लेली फळे आणि शेकरूची झाडांच्या शेंड्यावरची घरटी यांवरून येथे कोण राहते हे ठरवणे ही मुलांना सर्वांत आवडणारी कृती आहे. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे चित्र काढावे. कुत्र्याच्या कुळातील प्राण्यांच्या ठशात नखे उमटतात, मांजरकुळातील प्राणी नखे आत ओढून चालत असल्याने बहुधा उमटत नाहीत. एवढा एक भेद शिकलेला शिक्षक शाळेच्या मैदानावरच्या चिखलातही पूर्ण तासिका घेऊ शकतो.

संध्याकाळची सत्रे गावकऱ्यांसाठी आणि आकाशासाठी असावीत. चांदोलीच्या जंगलातील काही वाटाड्यांची मूळ गावे धरणाच्या पाण्यात किंवा संरक्षित क्षेत्रात गेली आहेत. त्यांना केवळ झाडांची नावे सांगणारा माणूस म्हणून बोलावू नये. जंगल कसे होते, कोणती झाडे औषधी मानली जात, कोठे नाचणी होत असे आणि गाव सोडताना काय मागे राहिले, हे ते सांगू इच्छित असतील तर शिक्षकांनी ऐकावे, आणि त्यांना बाहेरच्या तज्ज्ञाइतकेच मानधन द्यावे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे; ग्रामपंचायतीत ती नोंदवही पाहायला मिळाली तर तिच्याइतके चांगले स्थानिक पाठ्यपुस्तक दुसरे नाही.

आकाशात डिसेंबरच्या रात्री कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध सहज ओळखता येतात. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला मृग नक्षत्र म्हणजे जूनचा पाऊस हे माहीत असते. मग ते आकाशात डिसेंबरमध्ये का दिसते? जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असल्यामुळे ते दिवसा आकाशात असते आणि आपल्याला दिसत नाही, सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेली की ते रात्रभर दिसते. पृथ्वीचे परिभ्रमण समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

सुरक्षितता

या भागात मोबाइलला सर्वत्र रेंज नसते, म्हणून एक वाहन आणि चालक चारही दिवस मुक्कामी असावेत. सर्पदंशावरचे प्रतिविष उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे शिबिराच्या आदल्या आठवड्यात प्रत्यक्ष विचारून ठेवावे आणि १०८ रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकते हेही पाहावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव लाकडी पट्टी बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू न देता उचलून वाहनापर्यंत न्यावे. सड्यावर दगडांच्या कपारीत हात घालू नये, कारण फुरसे तेथे असू शकते. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी उद्यानालगतच्या शिराळा तालुक्यातली असल्यामुळे सापांविषयीचे समज आणि वास्तव यांवर एक सत्र अवश्य ठेवावे.

आग्या मोहोळाचा धोका बिबट्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. अत्तर, सुगंधी तेल आणि भडक कपडे टाळावेत, मोहोळाखाली बोलणे, धूम्रपान किंवा दगड मारणे यांस सक्त मनाई असावी. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, पँट मोज्यांत खोचलेली आणि घोट्यापर्यंतचे बूट असावेत. संध्याकाळी अंगावर गोचीड आहे का हे तपासावे. शिबिरानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर जंगलात राहून आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण स्क्रब टायफससारख्या आजाराचे निदान बऱ्याचदा या एका माहितीवर लवकर होते.

चौथा दिवस आणि त्यानंतर

शेवटच्या सकाळी नवीन काही दाखवू नये. प्रत्येक शिक्षकाने आपला दोनशे पावलांचा नकाशा काढून त्यावर तीन कृतींच्या जागा निश्चित कराव्यात, इयत्ता आणि पाठ्यपुस्तकातील घटक लिहावा, पावसात किंवा उन्हात ती कृती कशी बदलेल हे ठरवावे आणि गटातील इतर पाच जणांना ती प्रत्यक्ष घेऊन दाखवावी. प्रत्येकासाठी वीस मिनिटे आणि नंतर दहा मिनिटांची चर्चा पुरते. सहकाऱ्यांच्या सूचना याच वेळी कृतीत उतरवाव्यात. घरी गेल्यावर शालार्थ वेतनप्रणाली, निवडणूक आणि परीक्षा यांच्या कामांत त्या मागे पडतात.

शाळेत परतल्यावर पहिली कृती पंधरा दिवसांच्या आत घ्यावी, ती लहान असली तरी चालेल. महिन्याने होणाऱ्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिबिरार्थींनी मुलांच्या वह्या सोबत आणाव्यात, कारण शिबिर कसे झाले हे शिक्षकांच्या अभिप्रायपत्रापेक्षा मुलांच्या रेखाटनांतून जास्त खरे कळते. शिबिरात जमवलेल्या ओढ्याच्या आणि सड्याच्या नोंदींची एक प्रत तारखेसह वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि दुसरी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला द्यावी. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच ओढ्याच्या त्याच दहा मीटर टप्प्यावर दुसरा गट मोजमाप करील, तेव्हा तुलनेसाठी आधीचे आकडे हाताशी असतील.